खेळाचा तास

दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यातला, १७७५ च्या जानेवारीतला. बारभाईंच्या कारस्थानामुळे राघोबादादा परागंदा झाले होते आणि गरोदर आनंदीबाईंना पवारांनी आपल्या किल्ल्यात आसरा दिला होता. या पेशव्याबद्दल इतिहासाला चांगलं बोलण्यासारखं थोडंच सापडलं. पण त्याच्या पदरच्या एका माणसाचं ऋण माळव्यातली आणि महाराष्ट्रातली मुलं आजही हातापायांनी फेडत आहेत. तो माणूस म्हणजे बाळंभटदादा देवधर. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचं आव्हान पुण्यात कुणी घेईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते घेतलं, वणीच्या सप्तशृंगीपाशी जाऊन साधना केली आणि लाकडी खांबावर पकडींचा सराव करून ते परतले, अशी कथा मल्लखांबाच्या आखाड्यांत सांगतात. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी पुष्कळ उरतं. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात जिचा उल्लेख आहे आणि मधल्या काळात जी मागे पडली, ती विद्या बाळंभटांनी पुन्हा शिकवण्याजोगी केली. १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला, तिथे मल्लखांबही गेला. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. २०२० मध्ये देवासशेजारच्या उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना याच खेळासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

बाळंभटांनी ती विद्या शिकवण्याजोगी केली, याचं मोल मला सगळ्यांत जास्त वाटतं. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल तेल चोळलेलं असतं. नवं मूल आधी त्याला मिठी मारतं आणि घसरतं. मग साधी उडी, मग अढी, म्हणजे खांबाला पायांचा विळखा घालून डोकं खाली सोडायचं. अढी पक्की होईपर्यंत वस्ताद पुढे सरकू देत नाहीत. बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा ही तोवर नुसती ऐकायची नावं. सोप्याकडून अवघडाकडे जायचं, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी, आणि चूक झाली की ती खांबच सांगतो. पकड सैल पडली, घसरलास, पुन्हा चढ. वहीत लाल रेघ नाही, चारचौघांत पाणउतारा नाही. चांगल्या अध्यापनात जे जे असावं असं शिक्षक प्रशिक्षणात सांगतात, ते सगळं इथे आहे. तरीही शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास अभ्यासाबाहेरचा समजला जातो आणि परीक्षा जवळ आली की पहिला तोच जातो. तो तास अभ्यासाचाच आहे, असं मला या लेखात म्हणायचं आहे. धार-देवाससारख्या जिल्ह्यांत, जिथे घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, तिथे काही मुलांसाठी तर शाळेतला पहिला खरा तास तोच असतो.

देवासला आमच्या घरी मराठी, गल्लीत माळवी आणि शाळेत हिंदी. पवार, होळकर, शिंदे यांच्यामागून माळव्यात आलेल्या घरांची ही रीतच. देवासमध्ये तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं शेजारी शेजारी नांदली. तीन भाषांत वाढणारं मूल वर्गात अडखळतं, कारण तिथे बोलण्याआधी वाक्य मनात जुळवावं लागतं आणि तेवढ्यात प्रश्न दुसऱ्याकडे गेलेला असतो. मैदानावर जुळवायला वेळच नसायचा. लगोरीला माळव्यात सितोलिया म्हणतात. चेंडू लागून ठिकऱ्या पडल्या की तोंडाला येईल त्या भाषेत ओरडायचं, आणि समोरच्याला ते कळायचंच. हिंदीतले ‘आगे’, ‘पीछे’, ‘रुक’, ‘छोड़’, ‘मेरी बारी’ हे शब्द मी पुस्तकातून शिकले नाही. ते पायांतून आले आणि म्हणून पक्के बसले. संध्याकाळी चामुंडा आणि तुळजाभवानीच्या टेकडीवर चढायची आमची शर्यत असायची. छाती भरून यायची, वर पोचल्यावर बोलता यायचं नाही, आणि मग हळूहळू श्वास आपल्या जागी येताना सगळं गाव खाली नीट दिसू लागायचं.

त्याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं ‘भानुकुल’ आहे. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ मध्ये देवासच्या कोरड्या हवेत राहायला आले. काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. त्या काळात खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं कानांत साठवली, आणि पुन्हा गायला लागल्यावर हाती उरलेल्या श्वासाचा हिशेब नव्याने मांडून आपली गायकी घडवली. विद्या शरीरातून वाट काढते, हे निदान देवासकरांना तरी पटवून द्यावं लागू नये. पण शाळा आली की आपण सगळेच ते विसरतो आणि मुलाला मानेपासून वर तेवढं शिकवायला बसतो.

धार जिल्ह्याची गोष्ट आणखी वेगळी. कुक्षी, बाग, गंधवानी हा भाग भिल्ल आणि भिलाला वस्तीचा. इथे घरं एका जागी दाटलेली नसतात. शेताशेतांत विखुरलेल्या वस्त्या असतात, त्यांना फलिया म्हणतात. घरात भिली किंवा भिलाली, बाजारात निमाडी, शाळेत हिंदी. पुष्कळ घरांत शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी. पेरणी-कापणीच्या मधल्या महिन्यांत आईबाप मजुरीला गुजरातेत जातात, कधी मुलांनाही नेतात, आणि परतलेलं मूल वर्गात बसतं तेव्हा धडे पुढे गेलेले असतात. हे मूल दुबळं नसतं. ते डोंगर चढतं, शेळ्या वळतं, धाकट्याला कडेवर घेऊन पाणी भरतं, नेम धरून दगड मारतं. शाळेत आल्यावर त्याच्या अंगातलं हे सगळं दाराबाहेर राहतं आणि आत बसतं ते फक्त ‘कमजोर’ असं नाव पडलेलं मूल.

मी काही काळ त्या भागातल्या शाळांत जात-येत होते. एका शाळेत सहावीतली एक मुलगी हिंदीच्या तासाला मान वर करत नसे. पुस्तक उघडं, बोट ओळीवर, आवाज नाही. मैदानावर तीच मुलगी खो-खोच्या चढाईत सगळ्यांना कुठे बसायचं ते सांगायची. त्या शाळेला व्यायामशिक्षक नव्हता. हिंदी शिकवणारे सरच खेळ घ्यायचे आणि त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली होती. खेळ संपला की कडुनिंबाखाली मुलांना बसवायचं आणि विचारायचं, काय काय झालं ते सांगा. मुलं आपल्या बोलीत सांगत, हिंदीचे तुकडे मध्ये मध्ये येत. सर तेच सोप्या हिंदीत फळ्यावर लिहीत आणि मुलं वाचत. कोण कुठून सुटलं, कुणी कुणाला खो दिला, कोण पडलं. त्या मुलीने मोठ्याने वाचलेलं पहिलं सलग वाक्य तिच्या स्वतःच्या पळण्याबद्दलचं होतं. त्या वाक्यात तिला न कळणारा एकही शब्द नव्हता, कारण ते वाक्य तिचं आधी धावून झालेलं होतं. परकी भाषा शिकवण्याची याहून नेमकी पद्धत मी पाहिलेली नाही.

खो-खोकडे जरा थांबून पाहायला हवं. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बसवले. आठ जण एका रांगेत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. बसलेल्याने खो मिळाल्याखेरीज उठायचं नाही. उठल्यावर एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळायचं नाही. मधली पाटी ओलांडायची नाही. पळणारा अगदी हाताशी आला तरी, खो मिळालेला नसेल तर, बसलेल्या मुलाने हात आवरायचा असतो. दहा वर्षांच्या मुलासाठी हे फार अवघड आहे. अंगातली प्रत्येक रग उठ म्हणत असते आणि नियम म्हणतो, थांब. आपली पाळी येईपर्यंत सावध राहायचं, आली की क्षणात ठरवायचं आणि ठरवलेलं निभवायचं. गणिताच्या तासाला प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहून मोकळं होणाऱ्या मुलाला आपण ‘लक्ष दे’ म्हणतो. लक्ष कसं द्यायचं ते मात्र सांगत नाही. खो-खोच्या रांगेत बसलेलं मूल ते घटकाभर करून पाहतं, आणि चुकलं तर पंचाची शिट्टी लगेच सांगते.

मैदान आखणं हीसुद्धा शिकण्याची जागा आहे, पण ती बहुतेक शाळांत मुलांच्या वाट्याला येत नाही. शिपाई किंवा सर चुना टाकून ठेवतात. कबड्डीचं मोठ्या मुलांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतं. दोरी आणि खुंट्या देऊन सातवी-आठवीच्या मुलांना ते आखायला सांगा. पहिल्या खेपेला चौकोन तिरका येतो. मग तीन, चार आणि पाच मीटरच्या बाजू पडतील अशा गाठी मारून दोरीचा त्रिकोण ताणायला शिकवा, कोपरा सरळ बसतो आणि दोन्ही कर्ण मोजून पाहिले की सारखे भरतात. पुस्तकात पायथागोरस येईल तेव्हा या मुलांना तो आधी भेटलेला असेल. वास्तुविद्येवर ‘समरांगण सूत्रधार’ लिहिणाऱ्या भोजराजाच्या धारमध्ये तरी काटकोन फक्त कंपासपेटीतून येऊ नये.

व्यायामाचा बुद्धीशी काय संबंध, हा प्रश्न विचारणारे पालक मला शहरात जास्त भेटले. त्यांच्यासाठी दोन अभ्यास सांगते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालायला लावलं आणि मग आजूबाजूच्या खुणांकडे दुर्लक्ष करून मधली खूण ओळखण्याची चाचणी दिली. नुसतं बसून आल्यावर दिलेल्या उत्तरांपेक्षा चालून आल्यावरची उत्तरं अधिक अचूक होती, वाचलेलं समजण्याच्या चाचणीतही फरक दिसला. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा त्याहून जुना आणि मोठा आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर इथे १९७० च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोज तासभर शारीरिक शिक्षण दिलं गेलं, आणि त्यासाठी इतर विषयांचा वेळ कापला. पहिली इयत्ता सोडली तर ही मुलं अभ्यासात मागे पडली नाहीत, उलट थोडी पुढेच राहिली. खेळाने गुण दुप्पट होतात असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. तसं कुठेही सिद्ध झालेलं नाही. पण खेळाचा तास काढून तिथे गणित घातलं की गणित सुधारतं, हेही सिद्ध झालेलं नाही. ज्या भीतीने आपण तो तास काढतो, त्या भीतीला आधार नाही.

आता धारच्या पाण्याबद्दल लिहायलाच हवं. धार आणि झाबुआ या जिल्ह्यांत अनेक गावांच्या हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं; दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्यापुढे वर्षानुवर्षं ते पोटात गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि पुढे हाडं-सांधे ताठरतात. मुलांच्या वाढत्या हाडांना याचा धोका अधिक. हे ओळखण्यासाठी आरोग्य कार्यकर्ते तीन साध्या तपासण्या करतात. गुडघे न वाकवता खाली वाकून जमिनीवरचं नाणं उचलता येतं का. हनुवटी छातीला टेकते का. हात बाजूला पसरून, कोपरात दुमडून, बोटं डोक्यामागे टेकवता येतात का. ज्यांनी शाळेत कवायत केली आहे त्यांनी या तीन हालचाली लगेच ओळखल्या असतील. त्या शाळेतल्या रोजच्या पीटीतल्याच आहेत.

म्हणजे त्या भागात पीटी घेणारा शिक्षक जर डोळे उघडे ठेवून मुलांपुढे उभा राहिला, तर कोणाची मान पुरती वाकत नाही, कोण वाकताना चेहरा कसनुसा करतं, हे डॉक्टर गावात येण्याच्या कितीतरी आधी त्याला दिसेल. तो उपचार करू शकणार नाही. पण तो आरोग्य केंद्राला कळवू शकतो, मुलाच्या घरचं पाणी कुठल्या पंपाचं ते विचारू शकतो, पंपाची तपासणी मागू शकतो. वर्गात बसलेल्या मुलाची मान कुणी तपासत नाही. ताठ बसलेलं मूल उलट शिस्तीचं वाटतं. दुखणाऱ्या सांध्यांचं मूल मन लावून शिकेल ही अपेक्षाच चुकीची, आणि ते दुखणं जिथे दिसतं ती एकमेव जागा शाळेच्या मैदानावर आहे. शारीरिक शिक्षण शिकण्याला कसं मदत करतं, या प्रश्नाचं याहून थेट उत्तर मला तरी माहीत नाही.

सिकलसेलचंही तसंच. मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत हा रक्ताचा आजार आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलला सुरू झाली. हा आजार असलेल्या मुलाला भर उन्हात, पाणी न पिता, दमेपर्यंत पळवणं धोक्याचं असतं. त्याला खेळापासून तोडायचं नाही, पण त्याला मधून मधून बसू द्यायचं, पाणी द्यायचं, थकवा सांगितला की आळशी म्हणायचं नाही, एवढं जाणणारा शिक्षक हवा. सकाळी काही न खाता निघालेल्या मुलांना दुपारच्या भोजनाआधी किती पळवायचं, हाही प्रश्न त्याच जाणकारीचा. हातात शिट्टी असली की कुणीही पीटी घेऊ शकतो, असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि एक गोष्ट मला मनापासून सलते. उठाबशा हा उत्तम व्यायाम आहे; पिढ्यान्‌पिढ्या पहिलवानांनी त्यावर मांड्या घडवल्या. पण आपल्या शाळांत उठाबशा काढायला लावतात त्या गृहपाठ न केलेल्या मुलाला, कान धरून, सगळ्यांसमोर. मैदानाला फेऱ्या मारायला लावतात त्या उशिरा आलेल्याला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी केली आहे, ती केवळ छडीपुरती नाही. व्यायामाची शिक्षा केली की मूल दोन्हींचा तिरस्कार करायला शिकतं, व्यायामाचा आणि शाळेचाही. हे थांबवायला पैसा लागत नाही, नवा आदेश लागत नाही. उद्यापासून थांबवता येईल.

शिक्षक कुठून आणायचे, हा मात्र पैशाचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळसाहित्य असावं असं म्हटलं आहे. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूदही आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि जिथे पटसंख्या शंभराच्या वर आहे तिथेच. पहिली ते पाचवीला ती नाहीच. आता फलियांतल्या शाळा डोळ्यांसमोर आणा. विखुरलेली वस्ती, दोन-तीन डोंगरांची मुलं एका शाळेत, पट शंभरापर्यंत जाणार कसा? ज्या मुलांना मैदानाची भाषा सगळ्यांत जवळची, त्यांच्याच शाळांना ती शिकवणारा माणूस या अटीमुळे मिळत नाही. माझ्या मते ही अट बदलायला हवी. चार-पाच जवळच्या शाळांना मिळून एक प्रशिक्षित शिक्षक दिला आणि त्याने आठवड्यात प्रत्येक शाळेत जाऊन तिथल्या शिक्षकांनाही तयार केलं, तरी पुष्कळ होईल.

मराठी माणसाला हे नवं नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला आणि १९३६ मध्ये त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. बडोद्यात मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत काढले. व्यायामाला ज्ञान मानून कोशात बसवणारी भाषा आपली. ग्वाल्हेरला १९५७ मध्ये, अठराशे सत्तावन्नच्या शताब्दीला, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं, ते आज विद्यापीठाच्या दर्जाचं आहे. म्हणजे शिकवणारे तयार करणारी संस्थाही याच राज्यात आहे.

मुलींबद्दल थोडं. देवासला आमच्या वर्गातल्या मुली सातवी-आठवीनंतर एकेक करून मैदानावरून नाहीशा झाल्या. कुणी मनाई केली असं नाही. ओढणी आली, घरची कामं आली, ‘आता मोठी झालीस’ आलं. मीही थांबले. धार जिल्ह्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात मी संध्याकाळी ओढण्या कमरेला करकचून बांधून कबड्डी खेळणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुली पाहिल्या. वॉर्डन मॅडम कडेला खुर्ची टाकून बसलेल्या, मुलींच्या गुणांची बेरीज करत होत्या. खेळून आलेल्या मुली मग त्याच दिव्याखाली अभ्यासाला बसत. मॅडमचं म्हणणं साधं होतं: खेळायला मिळालं नाही त्या दिवशी मुलींची भांडणं वाढतात, घरची आठवण येऊन रडणं वाढतं, पुस्तकं उघडत नाहीत. संशोधनाच्या भाषेत हे कसं मांडतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलींना पाहिलं होतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, महिलांचा चषक भारताने जिंकला आणि कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. ज्या घरांत अजून ‘मुलींनी काय पळायचं’ असं बोललं जातं, तिथे हे नाव घ्यायला हरकत नाही.

पण विजेत्यांच्या नावांनी हा विषय पुढे न्यायचा मोह आवरायला हवा. धारचा प्रियांशु राजावत २०२२ मध्ये थॉमस चषक जिंकणाऱ्या भारतीय बॅडमिंटन संघात होता, २०२३ मध्ये त्याने ऑर्लिन्स मास्टर्स जिंकलं. धारला त्याचा अभिमान वाटतो, तो रास्तच. त्याच्यासारखी मुलं अकादमीत जातात, तिथे त्यांची काळजी घेतली जाते. शाळेचा खेळाचा तास असतो तो वर्गातल्या बाकीच्या चाळीस मुलांसाठी, जी कधीही पदक आणणार नाहीत. जाड मूल, चष्मा लावणारं मूल, पायाने अधू मूल, पहिल्या फेरीत बाद होणारं मूल. पुष्कळ शाळांत या तासाला दोन-चार तरबेज मुलं क्रिकेट खेळतात आणि बाकीची कट्ट्यावर बसतात. शाळेचा संघ निवडला की काम झालं. असा तास मी शारीरिक शिक्षणात धरत नाही. ज्याला जमत नाही त्याला शिकवायचं, हा नियम भाषेच्या आणि गणिताच्या तासाला लागू आहे, तोच इथेही लागू आहे.

देवासच्या शहरी शाळांची अडचण आणखी निराळी. इमारती दाट झाल्या, आवारात गाड्या लागतात, पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते म्हणून मैदान तीन महिने बंद. मुलं शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून घरी. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं तरी दमवणारी हालचाल हवी असं सांगते. या मुलांना ती शाळेत मिळाली नाही तर कुठेच मिळणार नाही. जागा नसेल तिथे जोर, सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, लंगडी व्हरांड्यातही होतात. पावसात दोरीचा मल्लखांब तर छताखालीच बांधता येतो. वर एक मजबूत कडी, खाली एक गादी आणि शिकवणारा माणूस, एवढंच लागतं.

पालक म्हणून आपल्या हातात काय आहे, तेही सांगते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा या समितीच्या हातून जातो. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून खेळसाहित्यासाठी सरकारी शाळांना दरवर्षी अनुदानाची तरतूद आहे: प्राथमिकला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. या पैशांतून आलेल्या रिंगा, चेंडू, जाळ्या कुलूपबंद कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, खराब होतील या काळजीने जपून ठेवलेल्या. तुम्ही धारचे असा, देवासचे असा की सातारा-सोलापूरचे, समितीच्या पुढच्या बैठकीला जा. गेल्या आठवड्यात खेळाचा तास किती वेळा झाला ते विचारा, आणि ते कपाट तिथल्या तिथे उघडायला लावा.